सहावी थाप

१९ जानेवारी, रविवार

वही मिळाली. निळी, शंभर पानी. नूतन मॅडम म्हणाल्या, रोज पाच ओळी लिहायच्या, कुणी वाचणार नाही. मी विचारलं, कुणी वाचणारच नाही तर लिहायचं कशाला? सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "कुंदन, हाच प्रश्न पहिल्या पानावर लिहा." लिहिला. झाल्या पाच ओळी.

पण गाडी यायला अजून अर्धा तास आहे आणि बसून राहणं मला जमत नाही. शाळा आठवीत सुटली ती यामुळेच. गुरुजी म्हणायचे याच्या बुडाखाली मुंग्या आहेत. मग पाच वर्षं रावेरकडे केळीचे घड डोक्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत पळत होतो. पळायचं काम होतं म्हणून टिकलो. आता तीन वर्षं झाली दोरावर. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांची पाती धुतो. घर दोनशे किलोमीटर. गावात सांगितलं तर लोक म्हणतात, पंखे पुसायला एवढ्या लांब गेला का रे?

पंखा थांबवून कुलूप लावतात, एक पातं सरळ खाली उभं करतात, मग आम्ही वरून दोन दोरांवर लटकून उतरत उतरत ते धुतो. एक दोर आपल्याला धरतो. दुसरा, पहिला सुटला तर.

ही शाळा कशासाठी तर ११ तारखेला कौतिकभाऊ पडले म्हणून. पडले म्हणजे पहिल्या दोराचा हूक सुटला, दीड-दोन मीटर खाली गेले आणि दुसऱ्या दोराने झेलले. पात्यावर आपटले. खांदा सुजला, बरगड्यांना मुका मार, हाड शाबूत. पुण्याच्या कंपनीने मग ठरवलं की बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, पोरांना लक्ष द्यायला शिकवा. दर रविवारी धुळ्याच्या ऑफिसात दोन तास. मॅडम जळगावहून येतात, पिंप्राळ्यात राहतात. आधी बारा वर्षं दवाखान्यात होत्या, जिथे पेशंट नळ्या लावून ठेवतात तिथे नर्स. आता पोलिसांना, नर्सांना हेच शिकवतात, शांत कसं बसायचं. आज वीस मिनिटं बसवलं. माझा पाय हलत होता. शेजारचा हितेंद्र कानात म्हणाला, "शिलाई मशीन बंद कर ना भो."

गाडी आली.

२० जानेवारी

काल अर्धंच लिहिलं. कौतिकभाऊचं राहिलं.

माझी जोडी त्यांच्याशी होती. दोरावर जायच्या आधी खालीच जोडीदाराने जोडीदाराला तपासायचं असतं, सहा जागी हात लावून. छातीचं बक्कल, कंबरेचं बक्कल, दोन मांड्यांचे पट्टे, मग दोर धरणाऱ्या मशीन कंबरेला अडकवायचे दोन हूक, आधी दुसऱ्या दोराच्या मशीनचा, शेवटी पहिल्याच्या. हुकाचा स्क्रू फिरवून बघायचा. आमच्यात याच्या थापा झाल्या. धप धप धप धप धप धप, ओके. कौतिकभाऊंनीच सुरू केलं म्हणतात, नऊ वर्षांपूर्वी. मग पैजा लागायला लागल्या. माझं रेकॉर्ड आहे, दीड सेकंदात सहा. अजून कुणी मोडलं नाही.

११ तारखेला मी थापा मारल्या होत्या. सहाच्या सहा. नेहमीसारख्या. थंडी इतकी होती की बोटं बधिर, त्यात तळहात ओला झाला, पँटला पुसला आणि शिडीकडे पळालो. वर जायची मला घाई असतेच. तिथे गेलं की डोकं थांबतं. जमिनीवर कुठेच थांबत नाही.

कागदावर मी सही केली होती. नवीन सर (नवीन हे नाव, माणूस जुनाच), आमचे सुपरवायझर, म्हणाले की खाली तपासणी झालेली आहे, सही आहे, म्हणजे वर गेल्यावर कौतिकनेच हूक उघडला. पाण्याची बाटली-बिटली अडकवायला उघडला असेल. कंपनी २ मार्चला ठरवणार, त्यांना परत दोरावर घ्यायचं की कायमचं खाली ठेवायचं.

खाली म्हणजे बादल्या भरायच्या.

२२ जानेवारी

कौतिकभाऊ आजपासून कामावर. गळ्यात पट्टा, एका हाताने टँकरच्या नळाखाली बादली धरतात. बेचाळीस वर्षांचा माणूस. सोनगीरचे, बोलणं अहिराणी. पठारावर सगळ्यात जास्त पंखे त्यांनीच उतरलेत.

मी म्हटलं, भाऊ, बरं वाटतं का?

"खांदाले बरं शे. डोकाले नही." मग म्हणाले, "माले याद नही येस कुंदन. हूक मी कव्हय उघाडा? पन मीच उघाडा व्हई. तुनी सही शे ना. तू तं दखंच व्हई."

मी हो म्हटलं, बघितलं होतं.

मॅडमने सांगितलंय, शिडीला हात लावायच्या आधी तीन श्वास. मी शिडी चढता चढता घेतले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर क्लास. श्वास मोजायचे, एक ते दहा. मन पळालं की परत एकपासून. मी चारच्या पुढे गेलोच नाही. एक, दोन, तीन, बस लेट होईल का, एक, दोन, हितेंद्र झोपला वाटतं, एक. मॅडमला वाटलं मी रागावलोय. म्हणाल्या, "पळालं हे कळलं ना? हेच काम आहे." मला हे काम वाटत नाही. घड उचलणं काम आहे.

कौतिकभाऊ मात्र डोळे मिटून असे बसले होते जसं कुणी त्यांना फळ्यापुढे उभं केलंय.

२८ जानेवारी

आईचा फोन. हितेंद्रच्या मोबाईलवर कबड्डी चालू होती, मी इकडे कान, तिकडे डोळे. आई सांगत होती जळगावचं काहीतरी, तेरा तारीख, शेजारच्या मंदाबाई त्यांच्या लेकीकडे गेल्या वगैरे. मी हो हो म्हटलं. "नक्की ना रे?" म्हणे. म्हटलं हो ना आई. आपली टीम दोन पॉइंटने हरली.

हितेंद्रशी जोडी लावलीय आता माझी. त्याला पण सहा थापाच मारतो, फक्त जरा हळू. तीन सेकंद.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मॅडमने प्रत्येकाच्या हातात एक केळं ठेवलं.

मी म्हटलं, "मॅडम, केळं आम्हाला शिकवता? लाखभर घड वाहिलेत या डोक्यावर."

"खाल्ली किती?"

"मोजली नाहीत."

"मग एक मोजून खा. दहा मिनिटांत. बोलायचं नाही."

दहा मिनिटं एक केळं! सोलताना जो धागा निघतो तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. खरं सांगतो, पहिला घास तोंडात ठेवला तेव्हा बागेतला वास आला, चिकाचा, शर्टवर पडला की काळा डाग जात नाही तो. आई कपडे धुताना शिव्या द्यायची. मग बाकीचं केळं मी दोन घासांत संपवलं.

बाहेर चहाला कौतिकभाऊंना विचारलं, केळं कसं होतं?

"केळं कोन दखं? मी तं डोया मिटना की हूकच दखस. उघाडा की बंद, उघाडा की बंद." आणि हसले. एक दात पडलाय त्यांचा, त्या दिवशी पात्यावर आपटून. मला आज दिसला.

५ फेब्रुवारी

कौतिकभाऊ बादलीची गाठ बांधतात, आम्ही दोराने वर ओढून घेतो. आज मी वरून बघत होतो. गाठ बांधली. सोडली. परत बांधली. ओढून बघितली. मग टँकरकडे चालत गेले, नळ बंद आहे का बघायला. परत आले. परत गेले. हितेंद्र वरून ओरडला, "भाऊ, नळाला कुलूप लावू का?" सगळे हसले. मी पण हसलो.

दुपारी भाकरी तशीच डब्यात परत नेली.

६ फेब्रुवारी

आईचा फोन. "कामाच्या मानसाले इचारून ठेव बरं, मंग ऐन वेयी नको सांगू." म्हटलं हो. कशाबद्दल म्हणत होती कोण जाणे. गावच्या लग्नाबद्दल असेल.

८ फेब्रुवारी

काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गृहपाठ. दिवसभरात हाताला काय काय लागलं ते दहा गोष्टी लिहायच्या. नुसतं "दोर" लिहायचं नाही, कसा ते लिहायचं. मॅडम म्हणाल्या, ज्यांचं काम जोखमीचं त्यांचे हात डोक्याच्या आधी शिकतात, म्हणून एक दिवस डोकं येतच नाही कामावर, हातच येतात. मला वाटलं मॅडम माझ्याकडे बघून बोलल्या. मग वाटलं या क्लासचा उद्देशच हा आहे की कोण खोटं बोलतंय ते काढायचं. हितेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "तू काय खोटं बोलला?" मी म्हटलं काही नाही, असंच.

यादी: चहाचा कप गरम. गाडीची दांडी थंड, गंज. वहीचं पान खरखरीत. पाच वाजले. सात बाकी.

१२ फेब्रुवारी

घाईत लिहितोय, अक्षर खराब येईल.

सकाळी हितेंद्रला तपासत होतो. मॅडमची यादी डोक्यात, म्हणून हाताला काय लागतं ते बघत होतो. छाती, बक्कल गार. कंबर. मांडी, मांडी. पाचवा हूक, गार, टणक. सहावा, म्हणजे पहिल्या दोराच्या मशीनचा. हाताला मऊ लागलं. ओलं लागलं.

हितेंद्रने पात्याला पुसायचं कापड बादलीत बुडवून कंबरेला खोचलं होतं. ते हुकावर लोंबत होतं. माझी थाप कापडावर पडली. हुकाला हात लागलाच नाही.

मी हात बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "झालं का?" आणि मी हात पँटला पुसला. पुसता पुसता कळलं.

११ तारखेला पण असंच पुसला होता.

ओलं कापड होतं. कौतिकभाऊ नेहमी तिथेच खोचतात. मी थाप मारली ती कापडावर. हूक मी बघितलाच नाही. हातही लावला नाही. ओके म्हटलं.

हितेंद्रचं कापड उचलून हूक बघितला. बंद होता. वर गेलो. पाच तास काम केलं. डोकं थांबलं नाही. वर पण थांबलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वाजता खाली उतरलो तर मोबाईलवर अकरा मिस्ड कॉल. नवा नंबर. लावला तर कुणी चहावाला, जळगाव स्टँडवरचा. त्याने आईला दिला.

"कुंदन, तू कुठपावतर आला रे?"

मी म्हटलं, आई, तू जळगावला कशी?

मग सगळं कळलं. आज तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. शिबिर आहे. घरचं माणूस लागतं सहीला. मंदाबाई नाहीत म्हणून मला विचारलं होतं, दोनदा. मी हो म्हटलं होतं, दोनदा. ती सकाळी नऊपासून स्टँडवर बसलीय. दवाखान्यात जाऊन आली मधे, ते म्हणाले सही करणारं कुणी आहे का. हिने सांगितलं, मुलगा येतोय.

"तू हो म्हटला होता ना, म्हनून थांबली मी."

रागावली नाही. चहावाल्याच्या मोबाईलवर किती बोलायचं म्हणून घाईत होती. पुढची तारीख मिळाली म्हणे, १६ मार्च. आता रावेरची बस पकडते. डाव्या डोळ्याने पाटी दिसत नाही, कुणाला तरी विचारते.

मी उभाच होतो. नवीन सर म्हणाले, काय झालं? म्हटलं काही नाही.

१४ फेब्रुवारी

हूक बंद करणं ज्याचं त्याचं काम आहे. मी नाही बघितला हे खरं. पण उघडा ठेवला कुणी? त्यांनीच ना. मग मी का?

१५ फेब्रुवारी

वरचं वाचलं. बरोबरच लिहिलंय. तरी तीनदा वाचावं लागलं.

मी सांगितलं तर मला खाली बसवतील. मी बादल्या भरत बसलो तर आठ दिवसांत वेडा होईन. पण ते भरताहेतच की महिनाभर.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लास सुटल्यावर मॅडमची बस यायची होती, मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो. म्हटलं, मॅडम, एखाद्याचं लक्ष नव्हतं तर ती चूक धरायची का? मुद्दाम तर केलं नाही ना त्याने.

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी दवाखान्यात असताना एकदा तक्त्यावर बरोबरची खूण केली होती. पेशंटकडे न बघता. रोज करायचे तशी."

"मग?"

"मग काय, नोकरी सोडली आणि हे शिकवायला लागले. मधलं तुम्हाला सांगणार नाही." बस लागली. पायरीवरून वळून म्हणाल्या, "चूक आहे का हे मला कशाला विचारता? ज्याला लागलं त्याला विचारा."

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठी नोंद. सगळं लिहितो.

क्लासनंतर कौतिकभाऊ म्हणाले, चल, आज मन्हा घर जेवाले. टमटमने सोनगीरला गेलो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला घर. त्यांच्या घरच्या, कमलबाई, यांनी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. वाढता वाढता मला म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा यांना. दिवसातून चार-चार वेळा गॅस बघतात. दाराची कडी लावतात, परत उघडून परत लावतात. शेजारची पोरगी परवा विचारत होती, काका काय मोजताहेत?"

कौतिकभाऊ म्हणाले, "तू वाढ ना मुकाट." मग मला म्हणाले, २ तारखेपर्यंत थांबणार नाहीत. त्यांच्या भावाचं हायवेला टायर पंक्चरचं दुकान आहे, तिथे बसणार. कंपनीने परत घेतलं तरी वर जाणार नाहीत. "ज्याले सोताना हूक याद नही राहत त्यानी वर जाऊ नही. उद्या मन्हा संगे कोनी दुसरा पडी जाई."

मी घास चावत होतो. मॅडमने शिकवल्यासारखा चावत होतो, इतका की त्याचं पाणी झालं. आता सांगायचं, आता सांगायचं. कमलबाई ताक घेऊन आल्या. मग सांगायचं, ताक पिऊन.

निघताना त्यांनी आतून हातमोजे आणले. कातडी, नऊ वर्षांचे, बोटांशी काळे पडलेले. "ले. तुना फाटेल शेतस. माले आते कशाले?"

मी घेतले.

घेतले मी! भाऊ, मी तुमचा हूक बघितला नाही, एवढं वाक्य. त्याऐवजी मी म्हटलं, साइज बरोबर बसते.

साक्रीपर्यंत उभ्याने आलो. गाडीत जागा होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शिडीजवळ नवीन सरांना सांगितलं. सगळं. कापड, ओला हात, थाप.

ते आधी आजूबाजूला बघायला लागले. "कुंदन, कागद वर गेलाय. आता तू असं म्हटलास तर सही खोटी ठरते. मग माझी पण ठरते, मी खाली काउंटरसही केलीय. आणि कौतिक तसाही सोडणार म्हणतो. तू कशाला मधे पडतोस? तुझा हात चांगला आहे."

मी म्हटलं, सर, तुम्ही कधी बघितलंय आमची तपासणी? थापा?

"रोज बघतो."

"मग?"

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "तोंडी नको. लिहून दे. मग बघू मी."

वहीतूनच पान फाडलं. शिडीच्या पायरीवर बसून लिहिलं. अकरा ओळी झाल्या. कुणी वाचणार नाही म्हणून दिलेली वही, तिचंच एक पान वाचायला गेलं.

२५ फेब्रुवारी

कौतिकभाऊंना आज सांगितलं. सरांकडून कळायच्या आधी.

ते बादली भरत होते. मी शेजारी उभा राहून सांगितलं, एका दमात. बादली भरली, वाहायला लागली. त्यांनी नळ बंद केला नाही. पहिल्यांदाच.

"हात लावा नही तू?"

"नाही."

"दखं बी नही?"

"नाही भाऊ."

"दीड महिना," ते म्हणाले. "दीड महिना मी सोतालेच येडा समजनू. घरनी म्हने दवाखानामा चला. मी रोज उठीसन मन्हा हात दखू, यासनी काय करं त्या दिनले म्हनीसन." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग हात पुढे केला. "मन्हा हातमोजा दे."

कंबरेला होते. काढून दिले. त्यांनी ते बादलीच्या कडेवर ठेवले आणि माझ्याकडे पाठ करून नळ बंद केला. एकदाच.

२ मार्च, रविवार

शेवटचा क्लास. त्याआधी ऑफिसात निकाल. कंपनीचे साहेब पुण्याहून मोबाईलवरच बोलले, नवीन सरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. कौतिकभाऊ परत दोरावर, ८ तारखेपासून, डॉक्टरने हो म्हटलं तर. मी खाली. हंगाम संपेपर्यंत. पुढच्या हंगामाचं पुढे बघू. थापा बंद. सहाही जागा बोटांनी बघायच्या, कापड कंबरेला खोचायचं नाही, बादलीतच ठेवायचं. नवीन सरांना पण लेखी समज मिळाली, ते त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. एवढं मला वाटलं नव्हतं.

कौतिकभाऊ शेवटच्या खुर्चीवर बसले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "एक बोलू?" सर म्हणाले, बोला ना.

"हूक तं मीच उघाडा ठेयेल व्हता. बंद करं नही, याद करीसन आते समजनं. कापड खोचं आनि तसाच चालना. याना दोस शे, पन मन्हा बी शे. आनि ह्या थापा," त्यांनी मांडीवर वाजवून दाखवल्या, धप धप धप धप धप धप, "ह्या बी मीच शिकाडेल शेतस."

माझ्याकडे बघितलं नाही.

मॅडमने आज श्वास मोजायला लावले. मी सातपर्यंत गेलो.

५ मार्च

बादल्या. एका दिवसात एकसष्ट. मी मोजल्या, कारण नाही मोजल्या तर डोकं फिरतं. हितेंद्र वरून ओरडला, "केळीवाले, पाणी गार आहे का?" मी शिवी दिली. मग बादली भरून पाठवली.

पाय दिवसभर हलतो. वरचे सगळे इतके लहान दिसतात. पूर्वी मला खालचे लहान दिसायचे.

आईला फोन केला. बाहेर टँकरच्या सावलीत बसून, नुसता कान लावून. ती बारा मिनिटं बोलली. शेजारच्या शेळीला दोन पिल्लं झाली. तिला उजव्या डोळ्याने पण आता धूसर दिसतं, हे तिने मधेच, शेळीच्या आणि भाजीच्या मधे सांगितलं. पूर्वी पण असंच मधे सांगत असेल. मी म्हटलं १६ ला मी सकाळी सातला रावेर स्टँडवर असेन, आदल्या दिवशीच निघतो, सुट्टी घेतलीय. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "नक्की ना रे?" मी हो म्हणायच्या आधी सुट्टीचा कागद खिशातून काढून बघितला. मग हो म्हटलं.

८ मार्च, शनिवार

डॉक्टरने हो म्हटलं, कौतिकभाऊ आज वर गेले.

सकाळी वारा कमी होता. त्यांची जोडी आता हितेंद्रशी. हितेंद्रने त्यांना तपासलं, नव्या पद्धतीने, बोटांनी. कागदावर सही केली. मी टँकरपाशी होतो, बादली भरत होतो. पंचवीस दिवस झाले असतील, कौतिकभाऊ माझ्याशी कामापलीकडे बोलले नव्हते. नाही, अकरा झाले. मला पंचवीस वाटले.

ते शिडीकडे गेले. मग थांबले. वळून माझ्याकडे चालत आले. वाटेत बादलीतलं कापड उचललं, पिळलं नाही, तसंच कंबरेला खोचलं. नवीन सर ओरडले, "कौतिकभाऊ, कापड!" त्यांनी हाताने थांब म्हटलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हात बाजूला केले, उजवा अजून पूर्ण वर जात नाही.

"दख."

मी म्हटलं, हितेंद्रने बघितलंय ना भाऊ.

"तू दख."

छातीचं बक्कल. गार. दोन बोटं आत जातात, पट्टा सपाट आहे. कंबर. पट्टा उलटा नाही. डावी मांडी, उजवी मांडी, शिवण शाबूत. पाचवा हूक, दुसऱ्या दोराचा, स्क्रू फिरवला, फिरत नाही, बंद. वरून कुणीतरी ओरडलं, चला रे, वारा उठेल. माझा पाय हलायला लागला. मी त्याला हलू दिलं. हात हलवला नाही.

सहावा. कापड. ओलं. कापड उचललं.

स्क्रू उघडा होता. दोन फेरे.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दूर पंख्यांकडे बघत होते. कानाजवळची शीर उडत होती. हितेंद्रच्या बोटांनी तो बंद केला होता, मी पाहिलं होतं दुरून. तिथून इथपर्यंत चालत येताना उघडला असणार.

मी स्क्रू फिरवला. एक. दोन. घट्ट बसल्यावर बोटाला कळतं, तेवढा. उलटा फिरवून बघितला, हलला नाही. कापड त्यांच्या कंबरेतून काढलं आणि बादलीत टाकलं.

ओके म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "उघडा होता."

"माले माहीत शे," कौतिकभाऊ म्हणाले. "आते बंद शे का?"

"बंद आहे."

त्यांनी स्वतः बघितलं नाही. वळले आणि शिडीला लागले.

ते वर पोहोचून बाहेर येईपर्यंत चौदा मिनिटं लागली. दोर ताणला गेला, ते पात्यावर आले, छोटे झाले, पुसायला लागले. टँकरचा नळ वाहत राहिला, नवीन सरांनी येऊन बंद केला. मी तिथेच उभा होतो. तळहात ओला होता. पुसला नाही.